बाई, आमचं घर वाईत की गावात? (हद्दवाढ आणि जमिनीचे रंग समजून घेताना)



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन आणि शहरी स्थानिक शासन असे दोन वेगळे पाठ असतात. एकात सरपंच, ग्रामसेवक, ग्रामसभा. दुसऱ्यात नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, नगरसेवक. मुलं दोन्ही पाठ करतात, आपण फरक स्पष्ट करा असा प्रश्न घालतो आणि पुढं जातो. मीही अनेक वर्षं तेच केलं. पण एका मुलीनं विचारलं, "बाई, आमच्या दारात घंटागाडी येत नाही, पण पत्त्यावर वाई लिहितो. मग आमचं घर वाईत की गावात?"

प्रश्न साधा वाटला तरी उत्तर देताना मी अडखळले. वाईकरांना ठाऊक आहे, सुरूरकडून येताना, पाचगणीच्या रस्त्यानं पसरणीकडं जाताना, किंवा मेणवलीच्या वाटेवर वाई नेमकी कुठं संपते ते डोळ्यांना दिसत नाही. घरामागून घर लागतं. एका गल्लीत अलीकडच्या घराला नगरपालिकेची पावती, पलीकडच्याला ग्रामपंचायतीची. 2011 च्या जनगणनेत वाई शहराची लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास होती, पण ती हद्दीच्या आतली. हद्दीला टेकून राहणारी, वाईच्या बाजारात भाजी घेणारी, वाईच्या शाळेत मुलं घालणारी माणसं त्यात नाहीत.

म्हणून हा लेख. आपल्या भागात हद्दवाढीची चर्चा अधूनमधून होतेच. ती सुरू झाली की लोक लगेच दोन गटांत वाटले जातात, एक म्हणतो सुविधा येतील, दुसरा म्हणतो घरपट्टी वाढेल. दोघंही खरं बोलत असतात, पण अर्धंच.

दोन निर्णय, एक नव्हे

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करू. शहर वाढतं तेव्हा सरकारी कागदावर दोन वेगळे निर्णय होतात. पहिला, ही जमीन कोणाच्या हद्दीत? दुसरा, या जमिनीवर काय करायचं? पहिला निर्णय म्हणजे हद्दवाढ. तो नगरपालिकांच्या 1965 च्या कायद्यानुसार होतो. दुसरा म्हणजे विकास आराखडा, बोलीभाषेत डीपी. तो 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार होतो. दोन कायदे, दोन फाइली, दोन वेगळ्या नोटिसा. पहिल्या वेळी गाव पेटून उठतं. दुसऱ्या वेळी फारसं कुणी फिरकत नाही, आणि माझ्या मते खरं काय ते दुसऱ्या वेळीच ठरतं. त्याकडं पुढं येते.

हद्दवाढ नगरपालिका करते असा समज आहे. तसं नाही. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत ठराव होतो, तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नगरविकास विभागाकडं जातो, शासन प्राथमिक अधिसूचना काढतं, लोकांच्या हरकती मागवतं, आणि मग अंतिम अधिसूचना काढायची की नाही ते शासनच ठरवतं. नगरपालिका मागते, शासन देतं. आणि गावाची ग्रामसभा विरोधाचा ठराव करू शकते, पण त्या ठरावानं प्रक्रिया थांबतेच असं नाही. ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे झालं, असं समजून स्वस्थ बसलेली माणसं मी पाहिलीत.

साताऱ्याचं उदाहरण

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण साताऱ्याचं. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दाटीनं वसलेलं, पण नगरपालिकेची हद्द जुनीच राहिली होती. शाहूपुरी, विलासपूर हे भाग दिसायला पूर्ण शहरी, कागदावर मात्र ग्रामपंचायती. हद्दवाढीचा प्रस्ताव वर्षानुवर्षं मंत्रालयात पडून होता. शेवटी सप्टेंबर 2020 मध्ये शासनानं मान्यता दिली. शाहूपुरी, विलासपूर, आजूबाजूच्या आणखी काही गावांचा भाग आणि खुद्द अजिंक्यतारा किल्लाही नगरपालिकेच्या हद्दीत आला. गंमत बघा, ज्या किल्ल्यावरून सातारा ओळखला जातो तो इतकी वर्षं सातारा नगरपालिकेत नव्हता! वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास हसतात.

आता पुढचा भाग नीट वाचा. अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते. सरपंच, सदस्य, सगळं त्या दिवशी थांबतं. पण नगरपालिकेत त्या भागाचा नगरसेवक लगेच येतो का? त्यासाठी प्रभागरचना, आरक्षण, निवडणूक व्हावी लागते. साताऱ्याच्या तेव्हाच्या सभागृहाची मुदत डिसेंबर 2021 मध्ये संपली. नंतर राज्यभर आरक्षणाच्या प्रश्नात निवडणुका अडकल्या आणि नगरपालिकांवर प्रशासक बसले. साताऱ्याची निवडणूक झाली डिसेंबर 2025 मध्ये. सभागृह 40 वरून 50 सदस्यांचं झालं, ते वाढलेल्या हद्दीसकट.

म्हणजे 2020 ते 2025, पाच वर्षं, शाहूपुरीच्या माणसाला सरपंच नव्हता आणि स्वतः निवडून दिलेला नगरसेवकही नव्हता. दिवा बंद पडला, गटार तुंबलं, तर मत मागायला आलेला कुणी माणूस नाही ज्याला धरायचं. पहिलीत आलेलं पोर पाचवी पार करून गेलं एवढा हा काळ. हद्दवाढ चांगली की वाईट या वादात हा मुद्दा कुणी मांडत नाही, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

घरात काय बदलतं

पालकसभेत मला विचारतात ते प्रश्न हेच. पट्टी वाढते का? वाढते. पण एका दिवसात नाही. पुण्यात समाविष्ट गावांसाठी पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दरानं आणि पुढं दरवर्षी टप्प्याटप्प्यानं वाढवत पूर्ण दरापर्यंत न्यायची पद्धत आहे. पाणी, दिवे, कचरा, आग लागली तर बंब, बांधकाम परवानगी, सगळं एका कार्यालयात येतं. ते आलं तर चांगलंच.

जातं काय ते सहज लक्षात येत नाही. ग्रामसभा जाते. वर्षातून चार तरी वेळा गावातला कुणीही मतदार उभा राहून हिशेब मागू शकतो, तशी सगळ्या मतदारांची सभा नगरपालिकेत भरत नाही. नगरपालिकेच्या सभेत बोलतात ते निवडून आलेले. आपण फार तर गॅलरीत. वित्त आयोगाचा थेट ग्रामपंचायतीला येणारा निधी थांबतो. ग्रामीण भागासाठीच्या योजना, ग्रामीण घरकुलाची यादी, त्यातली नावं, हे सगळं दुसऱ्या खात्यात सरकतं, आणि सरकताना काही नावं गळतात.

आणि आपला विषय, शाळा. जिल्हा परिषदेची शाळा ग्रामीण भागासाठी. गाव शहरात गेलं की शाळा कोणाची? इमारत कुणाच्या नावावर, शिक्षक कुणाच्या आस्थापनेवर, स्वच्छतागृह दुरुस्तीचा अर्ज कुणाकडं? पुण्यात समाविष्ट गावांतल्या शाळांच्या हस्तांतरणाचा प्रश्न बराच काळ रेंगाळला. शिक्षकांनी हा मुद्दा हरकतीत लेखी मांडायला हवा, पण आपण बदलीच्या पोर्टलमध्ये एवढे गुंतलेले असतो की आपल्याच शाळेच्या मालकीचा प्रश्न दिसत नाही. (हा टोमणा मी स्वतःलाही मारतेय.)

नाही म्हणणारी गावं, परत फिरलेली गावं

कोल्हापूरची गोष्ट उलट आहे. 1972 मध्ये तिथं महापालिका झाली आणि तेव्हापासून पन्नासहून जास्त वर्षं हद्द वाढलीच नाही. आजूबाजूची गावं प्रत्येक वेळी रस्त्यावर उतरली. शेवटी शासनानं मधला मार्ग काढला, 2017 मध्ये 42 गावांसाठी वेगळं नागरी विकास प्राधिकरण केलं. गावं ग्रामपंचायतीतच राहिली, पण नियोजनाचा आणि बांधकामाचा कारभार प्राधिकरणाकडं गेला. विरोध जिंकला का? शहराला वाटतं आपण कोंडलो गेलो, गावांना वाटतं परवानगीसाठी एक नवीन दार वाढलं.

पुण्यात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. पहिल्या 11 मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. ही ती गावं, जिथल्या डेपोत पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं जात होता. महापालिकेत आल्यावर लोकांची तक्रार अशी, की पट्टी शहराची आणि सोयी गावाच्या. शेवटी ती दोन गावं बाहेर काढली गेली आणि 2024 मध्ये तिथं स्वतंत्र नगरपरिषद झाली. हद्द ही एकदा आखली की कायमची, असं नाही हे या उदाहरणातून मुलांना छान समजतं.

तिसरी वाट आपल्याच जिल्ह्यात आहे. कराडला लागून असलेलं मलकापूर. ते कराडमध्ये विलीन झालं नाही, 2008 मध्ये स्वतःची नगरपंचायत झाली, पुढं नगरपरिषद. आणि मीटर लावून चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून राज्यभर नाव झालं. मोठ्यात मिसळणं किंवा गाव म्हणून राहणं, याशिवायही पर्याय असतो एवढंच दाखवायला हे उदाहरण. प्रत्येक गावाला ते जमेलच असं नाही.

आता रंग

हद्द ठरली की त्या नव्या भागाचा आराखडा करायचा. नकाशावर रंग भरतात. पिवळा म्हणजे राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी, जांभळा उद्योगासाठी, लाल सार्वजनिक वापरासाठी, हिरवा म्हणजे शेती, बागा, मोकळी जागा. याला झोन म्हणतात. त्यावर परत आरक्षणं येतात, इथं बाग, इथं दवाखाना, इथं शाळा, इथून 12 मीटरचा रस्ता.

मी हे वर्गात रांगोळीनं करून घेतलं. फरशीवर खडूनं नदी काढली, जुनं गाव काढलं, रस्ता काढला. मुलांना चौकोन वाटून दिले, हे तुमचं रान. मग म्हटलं, आता सगळ्यांनी मिळून गाव वसवा. घरं सगळ्यांना हवी होती, पिवळी रांगोळी आधी संपली. बाग हवी होती, पण दुसऱ्याच्या चौकोनात. कचऱ्याची जागा मात्र कुणीच घेईना. शेवटी सगळ्यांनी एकमतानं ती गैरहजर असलेल्या मुलाच्या चौकोनात टाकली! मी काही बोलले नाही, फक्त फुरसुंगीची गोष्ट सांगितली.

रंगात पैसा असतो, हे मोठ्यांना सांगायला नको. जी जमीन हिरव्यात आहे तिचा भाव एक, तीच पिवळ्यात गेली की भाव कैक पटीनं. कृष्णाकाठी ऊस, हळद पिकवणारी आपली काळी जमीन सपाट आहे, रस्त्याला लागून आहे, म्हणजे पिकाला जशी चांगली तशी इमारतीलाही सोयीची. त्यामुळं आराखड्यात पिवळा रंग सगळ्यात आधी चढतो तो उत्तम जमिनीवर. माझं मत विचाराल तर, शहर वाढणार हे मान्य करून, कुठल्या बाजूनं वाढू द्यायचं याची भांडणं व्हायला हवीत. आपण भांडतो ते पट्टीवरून.

एक रेघ मात्र वाईकरांनी विसरू नये. पूररेषा. नकाशावर नदीच्या दोन्ही बाजूंना निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी घालून. धोम धरण वरच्या अंगाला आहे. पावसाळ्यात पाणी सोडलं की गणपती घाटावर नदी कुठपर्यंत येते ते आपण बघतो. "25 वर्षांतून एकदा" याचा अर्थ आत्ता आला म्हणजे 25 वर्षं सुट्टी, असा नाही. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. हे सहावीतल्या मुलाला फासा टाकून दाखवता येतं, सहा एकदा पडला म्हणून पुढच्या वेळी पडणार नाही असं थोडंच असतं?

30 दिवस

प्रारूप आराखडा तयार झाला की राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते. नकाशा नगरपालिकेत भिंतीवर लावतात. छोट्या शहरांना हरकती-सूचनांसाठी 30 दिवस असतात. मग नियोजन समितीपुढं सुनावणी होते. त्यात सभागृहाचे तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार बसतात. तिथं अर्जदाराला प्रत्यक्ष बोलता येतं. त्यानंतर बदल करून आराखडा शासनाकडं मंजुरीला जातो. पुढं साधारण 20 वर्षं तोच नकाशा गावाचं काय होणार ते ठरवतो. 20 वर्षांसाठी 30 दिवस.

इथं माझ्या घरची गोष्ट सांगते. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, गावाचं नाव राहू दे. मामाचं रान तिथल्या शहराला लागून. हद्द वाढली, आराखडा आला, मामानं सातबारा काढून बघितला, नाव जागेवर होतं, निर्धास्त झाला. पण सातबाऱ्यावर झोन लिहिलेला नसतो! जमीन कुणाची ते सातबारा सांगतो, तिचं काय करता येईल ते नाही. त्यासाठी नगरपालिकेतून किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा लागतो. मामाला हे कळलं तेव्हा 30 दिवस केव्हाच उलटले होते आणि आराखडा मंजूरही झाला होता. बारा गुंठ्यांवर आरक्षण पडलं होतं. आरक्षण कशाचं? प्राथमिक शाळेचं.

मामा मला म्हणाला, "पोरी, तुझीच शाळा माझ्या रानात आली की गं."

मी काय बोलणार? मी रोज म्हणते शाळांना जागा नाही, मैदान नाही, पोरं रस्त्यावर खेळतात. मग जागा येणार कुठून? कुणाच्या तरी रानातूनच ना. ते रान माझ्या मामाचं निघालं एवढंच. पण शाळाही बांधली नाही, पैसेही दिले नाहीत, आणि मामाला तिथं घर बांधायची परवानगीही नाही. मोबदल्यात टीडीआर घ्या असं सुचवलं गेलं. टीडीआर म्हणजे इथं बांधता येत नाही तेवढा हक्क दुसरीकडं विकायचा. पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे, तालुक्याच्या गावात कोण घेणार? मुलाच्या लग्नाला त्यातले चार गुंठे विकायचे होते. आरक्षण आहे कळल्यावर गिऱ्हाईक परत आलंच नाही.

कायद्यात याला वाट आहे, ती प्रत्येक शेतकऱ्याला माहीत हवी. 1966 च्या कायद्याचं कलम 127. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस दिल्यापासून 24 महिन्यांत (2015 च्या आधी ही मुदत 12 महिने होती) जमीन घेतली नाही किंवा घेण्यासाठी पाऊल उचललं नाही, तर आरक्षण संपतं आणि शेजारच्या जमिनीवर जे करता येतं ते इथंही करता येतं. नोटीस आपोआप जात नाही, मालकानं स्वतः, मालकीच्या कागदांसह द्यावी लागते. म्हणजे हरकतीचे 30 दिवस चुकले तर पुढची संधी 10 वर्षांनी.

आत्ता काय करता येईल

सध्या एक शांत काळ आहे. जनगणनेसाठी 31 डिसेंबर 2025 पासून गावं, शहरं, तालुके यांच्या सीमा गोठवल्या आहेत. गणना होईपर्यंत हद्दीत बदल करता येत नाही. म्हणजे लगेच कुठली हद्दवाढ अंगावर येणार नाही, आणि वाचायला, विचारायला वेळ आहे. आपल्या घराचा, शेताचा झोन दाखला काढून ठेवा. नदीकाठी असाल तर पूररेषेचा नकाशा बघा. गावाला लागून प्लॉट घेणार असाल तर "गुंठेवारी आहे, पुढं नगरपालिकेत जाणार, मग सगळं नियमित होणार" असं सांगणाऱ्या दलालाच्या शब्दावर पैसे देऊ नका. हद्द वाढली म्हणून बेकायदा प्लॉट आपोआप कायदेशीर होत नाही, तो नव्या आराखड्यात कुठल्या रंगात पडेल ते दलालालाही ठाऊक नसतं.

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवते. पाचवी-सहावीच्या मुलांना एका सुट्टीत आपल्या घराची पट्टीची पावती बघून यायला सांगा. वर कुणाचं नाव छापलंय, नगरपालिका की ग्रामपंचायत? मग फळ्यावर गल्लीचा नकाशा काढा आणि प्रत्येकाचं घर दोन रंगांपैकी एका खडूनं रंगवा. हद्दीची रेघ आपोआप फळ्यावर उमटते. आमच्या वर्गात ती रेघ दोन मैत्रिणींच्या घरांच्या मधून गेली. घंटागाडीचा प्रश्न विचारणारी त्यातली एक. तिनं दुसरीला विचारलं, "मग तुझा कचरा मी टाकू का आमच्या गाडीत?" असं दुसरी म्हणण्याआधीच हिनं स्वतः ठरवूनही टाकलं, "उद्यापासून आमचा कचरा तुमच्या गाडीत."

मामानं कलम 127 ची नोटीस गेल्या वर्षी दिली. पोहोच घेतली, शिक्का घेतला. 24 महिने कधी भरतात ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं पेनानं लिहून ठेवलीय. परवा गेले तेव्हा त्यानं ती मला दाखवली आणि विचारलं, "बांधतील का गं शाळा तेवढ्यात?" मी म्हटलं, बघू. चहा झाल्यावर आम्ही दोघं रानात चक्कर मारून आलो. बारा गुंठ्यांत त्यानं यंदा भुईमूग टाकलाय.